गाभोळी आहे का?

एप्रिलचा दुसरा आठवडा. यलोस्टोन नदी मिसुरीला मिळते त्या संगमावर, नॉर्थ डकोटा आणि माँटाना या राज्यांच्या सीमेलगत, आमची अ‍ॅल्युमिनियमची बोट काठाला लावलेली होती. पाणी जेमतेम दहा अंश, वारा त्याहून बोचरा. बोटीतल्या झोळीत, उभा केला तर माझ्या खांद्याला लागेल एवढा मासा उताणा ठेवला होता. नळीतून नदीचं पाणी त्याच्या कल्ल्यांवर सोडलेलं. मी सोनोग्राफीचा प्रोब त्याच्या पोटावर टेकवून स्क्रीनकडे बघत होते. मागून आमच्या पथकप्रमुखांनी विचारलं, "काय दिसतंय?"

मी म्हणाले, "मादी आहे, पण यंदाची नाही. सोडून देऊ या."

मी चुकले होते. त्याकडे येतेच, पण आधी हा मासा आणि हे काम काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर ती चूक केवढी होती ते कळणार नाही.

मासा म्हणजे पॅलिड स्टर्जन. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडांच्या छोट्या ढालींच्या पाच रांगा. मुस्कट फावड्यासारखं चपटं, त्याखाली चार मिशा, तोंडात एकही दात नाही, सांगाडा बराचसा कूर्चेचा. डायनासोर होते तेव्हाही याच कुळातले मासे नद्यांच्या तळाशी मिशांनी चाचपत खाणं शोधत होते. अमेरिकेने १९९० मध्ये तो नष्ट होण्याच्या मार्गावरच्या प्रजातींच्या यादीत घातला.

तो संपत का चाललाय याचं उत्तर धरणांत आहे. मिसुरीवर वरच्या अंगाला फोर्ट पेक धरण १९४० मध्ये पुरं झालं, खालच्या अंगाला गॅरिसन धरणात १९५३ मध्ये पाणी अडायला लागलं. मधल्या तुकड्यात आणि यलोस्टोनमध्ये हे मासे अडकले. ते अजूनही अंडी घालतात. पण अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीला प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाही. आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, ते नुसतं वाहत जातं, आणि तेवढ्या दिवसांत शेकडो किलोमीटर खाली जातं. तेवढी वाहती नदी आता शिल्लक नाही. वाहत वाहत ते गॅरिसन धरणामागच्या सकाकाविया तलावाच्या फुगवट्यात पोचतं, तिथल्या गाळाशी टेकतं, आणि तळाला प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे मरतं. नदीत जन्मलेले जे मोठे मासे आम्हाला सापडतात ते म्हणून सगळे म्हातारे आहेत, पन्नाशी ओलांडलेले. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या अंदाजांत इथल्या अशा माशांची संख्या सव्वाशे ते दीडशेच्या घरात होती. आणि ती फक्त कमीच होऊ शकते.

म्हणून दर वसंतात आम्ही जाळी टाकतो, अंड्यांवर आलेल्या माद्या शोधतो, त्यांना टाकीच्या ट्रकमधून मत्स्यबीज केंद्रात पोचवतो, तिथे अंडी काढली जातात, पिल्लं वाढवून नदीत सोडली जातात आणि मादीही नदीत परत जाते. अडचण अशी की मादी वयात यायलाच पंधराएक वर्षं घेते आणि त्यानंतरही दरवर्षी अंड्यांवर येत नाही. दोन वर्षांनी, तीन वर्षांनी, कधी आणखी उशिरा. बाहेरून बघून नर-मादी ओळखू येत नाहीत, मग यंदाची कोण आणि पुढच्या वर्षीची कोण हे कुठून कळणार? पोट फाडून बघायची चैन सव्वाशे माशांच्या बाबतीत कुणालाच परवडणार नाही.

माझी आजी मालवणच्या बाजारात मासळी विकायची. बांगड्याच्या पोटावरून अंगठा फिरवला की आत गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, आहे की नाही ते ती सांगायची, आणि मी आठ-नऊ वर्षांची असताना मलाही शिकवायची. मला ते जमत नसे. मी मासा डोळ्यांसमोर धरून बघत बसे तेव्हा ती म्हणायची, "बोटांक कळता गो, डोळ्यांनी काय दिसतला?" स्टर्जनच्या पोटावरही मी तसा अंगठा फिरवते. भरलेल्या मादीचं पोट किंचित मऊ लागतं खरं, पण या माशाच्या पोटाचं मांस इतकं जाड असतं की नुसत्या बोटांवर भरवसा ठेवून त्याला ट्रकमध्ये घालता येत नाही.

आमचं मशीन गुरांचे डॉक्टर गाय-म्हैस गाभण आहे का ते बघायला गोठ्यात नेतात त्याच जातीचं. गळ्यात अडकवता येतं, बॅटरीवर चालतं, पाण्याच्या शिंतोड्यांनी बिघडत नाही. मासा ओला असल्यामुळे माणसांना लावतात तसलं जेल लागत नाही, पाणीच ते काम करतं. प्रोब पाच ते दहा मेगाहर्ट्झचा. आकडा वाढवला तर चित्र बारीक होतं पण खोलवरचं दिसत नाही, कमी केला तर खोल जातं पण दाणा हरवतो. जिवंत माशाची अशी तपासणी नवी नाही. १९८३ मध्येच कोहो जातीच्या सामन माशांवर नर-मादी ओळखायला ती करून पाहिली होती. पुढे कॅव्हिआरसाठी स्टर्जन पाळणाऱ्यांनी ती उचलली, कारण कॅव्हिआर म्हणजे स्टर्जनची गाभोळीच, आणि नराला वर्षानुवर्षं खाऊ घालणं त्यांना परवडत नाही. आमच्यासारख्यांनी ती नदीवर आणली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी लहान असताना ज्या दवाखान्यात आमचं येणं-जाणं होतं, तिथल्या सोनोग्राफीच्या खोलीच्या दारावर पाटी होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. कायदा का करावा लागला ते मला त्या वयातही माहीत होतं. माझ्या मावशीला तिसरी मुलगी झाली तेव्हा घरात जी शांतता पसरली ती मी ऐकलेली आहे. आणि आता मी त्याच मशीनने नर की मादी ते बघते. "मादी!" म्हटलं की बोटीतली चारही माणसं आनंदाने ओरडतात, काठावरची गाडी हॉर्न वाजवते. पहिल्यांदा तो ओरडा ऐकला तेव्हा मला स्क्रीन धूसर दिसायला लागला होता. आजही त्या क्षणी मावशी आठवते.

शिकायला मला दोन हंगाम लागले. सुरुवात पॅलिडवर होत नाही, ती त्याच्या लहान भावंडावर होते. शॉव्हलनोज स्टर्जन याच नदीत भरपूर असतो. दिसायला इतका सारखा की नवख्याला फरक कळत नाही. मिशा बघायच्या: पॅलिडच्या बाहेरच्या दोन मिशा आतल्या दोन मिशांच्या जवळजवळ दुप्पट लांब असतात, आणि पोट गुळगुळीत असतं. शॉव्हलनोजच्या पोटावर बारीक खरखरीत पट्ट्या हाताला लागतात. दुसऱ्या कुठल्या अभ्यासासाठी जे शॉव्हलनोज मारले जाणारच होते, त्यांच्यावर मला आधी सोनोग्राफी करायला लावली. काय दिसतंय ते वहीत लिहायचं, वही मिटायची, मग मासा कापायचा आणि वहीशी ताडून बघायचं. पहिल्या आठवड्यात माझी वही लाल शेऱ्यांनी भरली होती.

हळूहळू नजर बसली. सगळ्यात वर कातडीची पांढरी रेघ, तिच्याखाली मांसाचा राखाडी थर, त्याखाली जे असतं तेच आपल्याला वाचायचं. नराचं वृषण एकसारखं, गुळगुळीत राखाडी दिसतं, साईसारखं, आणि त्याची कड बारीक पांढऱ्या दोऱ्याने शिवल्यासारखी उठून दिसते. विश्रांतीच्या वर्षातल्या मादीचा अंडाशय चरबीने भरलेला असतो. तो ढगासारखा येतो, कुठे पांढरा, कुठे करडा, कड अशी नाहीच. आणि भरलेली मादी? ताटात भिजवलेला साबुदाणा पसरून ठेवावा तसे दाणेच दाणे, स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. स्टर्जनचं पिकलेलं अंडं अडीच-तीन मिलिमीटरचं असतं, त्यामुळे चित्र नीट जुळवलं असेल तर एकेक दाणा वेगळा कळतो. हे तीन प्रकार ओळखायला सोपे. त्रास होतो तो मधल्या अवस्थांचा: अजून दोन वर्षं बाकी असलेली कोवळी अंडी, किंवा मागच्या वेळची न घातलेली अंडी शरीर परत शोषून घेत असतं तेव्हाचा डागाडागांचा अंडाशय.

तर त्या सकाळी.

आम्ही प्रवाहाला आडवं तीन पदरी जाळं सोडलं होतं. बाहेरचे दोन पदर मोठ्या आसाचे, मधला बारीक आसाचा आणि सैल, वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिसं. जाळं तळाला घासत वाहतं आणि बोट त्याच्याबरोबर. दहा मिनिटांत बोये एकदम खाली गेले. बुडालेल्या झाडाच्या खोडात अडकलं असेल असं वाटून आम्ही ओढायला लागलो, तर ओढ परतून आली. मासा वर आल्यावर सगळे गप्प झाले. सतरा किलोंच्या वरचा होता.

पहिलं काम स्कॅनरचं. पूर्वी कधी पकडलेल्या माशाच्या पाठीत तांदळाच्या लांब दाण्याएवढी चिप बसवलेली असते. स्कॅनर टुक वाजला, नंबर आला, आणि टॅबलेटवर त्या माशाचं सगळं चरित्र उघडलं. नव्वदच्या दशकात पहिल्यांदा पकडला गेला होता. तेव्हापासूनची वजनं, लांबी, कुठल्या मैलावर सापडला ते, आणि शेरे. काही शेरे लिहिणारी माणसं निवृत्त होऊन गेली, एक जण वारल्याचंही मला माहीत होतं. मासा मात्र माझ्यासमोर झोळीत होता. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची: मादी, अंडी दिली.

म्हणजे यंदा ती भरलेली असण्याची शक्यता चांगली होती. प्रोब पोटाच्या आणि कुशीच्या ढालींच्या रांगांमध्ये, मागच्या परांच्या थोडा पुढे टेकवायचा, आधी उभा, मग आडवा फिरवायचा. मी डावी बाजू घेतली. ऊन थेट स्क्रीनवर पडत होतं, काही दिसेना, म्हणून मी गेन वाढवला. गेन म्हणजे माशाच्या आतून परत येणारा ध्वनी मशीनने किती वाढवून दाखवायचा ते. चित्र उजळलं. मला बरं वाटलं. पांढुरका, अस्पष्ट कडांचा ढग दिसला, आणि त्याच्या मागे आतड्यातल्या हवेची काळी सावली. विश्रांतीतली मादी, मी मनात म्हटलं. पाण्याबाहेर मासा फार वेळ ठेवायचा नाही हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की उजवी बाजू न बघताच मी बोलून गेले: यंदाची नाही.

पथकप्रमुख काही म्हणाले नाहीत. त्यांनी अंगातलं जाकीट काढलं, माझ्या आणि स्वतःच्या डोक्यावरून स्क्रीनवर ओढलं. आत एकदम अंधार झाला, फक्त पडद्याचा उजेड आणि दोघांच्या श्वासाची वाफ. मग त्यांनी माझ्या हातातला प्रोब न घेता माझं मनगट धरून उजव्या बाजूला नेलं आणि दुसऱ्या हाताने गेनचं बटण खाली, आणखी खाली दाबत नेलं. ढग विरत गेला. आणि त्याच्या जागी दाणे आले. आधी दोन-चार, मग ओळीच्या ओळी, स्क्रीन भरून. मी प्रोब जरा कलता केला तर तेही कलले. हे सगळे दाणे मघाशीही तिथेच होते. मी उजेड इतका वाढवला होता की ते एकमेकांत मिसळून पांढरे झाले होते.

आम्ही जाकिटाखालून बाहेर आलो तेव्हा मी रडत होते. आनंदानेही, आणि भीतीनेही. दोन मिनिटांत ती मादी नदीत गेली असती आणि पुढच्या वेळी ती जाळ्यात येईलच याची कुणाला खात्री? या नदीत ज्या वंशाची पिल्लं जगवायची म्हणून एवढी माणसं एवढी वर्षं राबतायत, त्यातला एक अख्खा वंश मी एका बटणापायी पाण्यात सोडून दिला असता. पथकप्रमुख एवढंच म्हणाले, "आता हे तू कधी विसरणार नाहीस." आणि ट्रकला फोन करायला वळले.

सोनोग्राफी गाभोळी आहे एवढं सांगते, ती कधी पिकेल ते सांगत नाही. त्यासाठी केंद्रात पुढची तपासणी होते. मी त्या वर्षी सुट्टी टाकून ती बघायला गेले. पोटाला बारीकशी चीर देऊन थोडी अंडी काढतात, काळपट, मोहरीहून जरा मोठी. ती उकळून घट्ट करतात, दाढीच्या ब्लेडने मधोमध कापतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अंड्याचं केंद्रक आधी मध्ये असतं, अंडं पिकत जातं तसं ते एका टोकाकडे सरकतं. टोकापासूनचं त्याचं अंतर भागिले अंड्याचा व्यास, एवढंच गणित. आकडा जितका लहान, तितकी मादी तयार. तिचा आकडा आठवड्या-आठवड्याला उतरत गेला. दुसऱ्या टाकीत, त्याच वसंतात आणलेल्या एका मादीचा उतरला नाही. तिची अंडी मऊ पडायला लागली, शरीराने ती परत घ्यायला सुरुवात केली. तिला तशीच नदीत सोडलं. तिला एप्रिलमध्ये मीच तपासलं होतं आणि तेव्हा चित्र स्वच्छ दाण्यांचं होतं. त्या बाबतीत मशीन, मी, कुणीच चुकलेलं नव्हतं. तरी तिचं नाव, म्हणजे तिचा नंबर, माझ्या डोक्यातून जात नाही.

आमची मादी जूनमध्ये पिकली. संप्रेरकाचं इंजेक्शन दिल्यावर साधारण दिवसभराने टाकीच्या तळाशी पहिली सुटी अंडी चिकटलेली दिसली आणि सगळ्यांची धावपळ सुरू झाली. अंडी भांड्यात काढली, सारखे वाटे केले आणि प्रत्येक वाट्याला वेगळ्या नराचं मिल्ट, म्हणजे वीर्य, दिलं, म्हणजे एका मादीपासून अनेक वेगवेगळी कुटुंबं तयार होतात आणि पुढच्या पिढीत रक्त एकसारखं होत नाही. स्टर्जनची अंडी पाण्यात पडली की गोंदासारखी चिकट होतात. नदीत ती दगडांना धरून राहावीत म्हणून तसं असतं, पण बरणीत त्यांचे गोळे होऊन आतली गुदमरतात. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पाण्यात कालवलेली माती आणली आणि अंडी तीत पिसाने हलक्या हाताने ढवळायला लागले. मी विचारलं कुठली माती, तर ती मुलतानी माती निघाली. आमच्या घरी दिवाळीच्या आधी आई वाटीत भिजवून ठेवायची ती. मीही बाह्या सरसावल्या आणि तासभर ढवळत बसले. त्या वाटीतला आणि या भांड्यातला वास अगदी एकच होता.

लाखाच्या वर अंडी मिळाली. आठवडाभरात काचेच्या बरण्यांत काळ्या शेपट्या वळवळायला लागल्या.

यलोस्टोनवरच्या शंभरहून जास्त वर्षं जुन्या बंधाऱ्याला वळसा घालून मासे वर जावेत म्हणून २०२२ मध्ये एक वळणकालवा खुला झालाय. माद्या आणखी वर जाऊन अंडी घालायला लागल्या तर पिल्लांना वाहायला जास्त नदी मिळेल. मला मनापासून वाटतं की एक दिवस या नदीला आमच्या ट्रकची आणि बरण्यांची गरज उरू नये. तोवर दर एप्रिलला कुणीतरी जाकीट डोक्यावर घेऊन स्क्रीन बघायला हवं.

मादीला सोडायला मी गेले होते. संगमाच्या थोडं वर, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून झोळी दोन्ही बाजूंनी धरली आणि एक कड खाली केली. ती लगेच गेली नाही. माझ्या पायाशी मुस्कट खाली करून, कल्ले हलवत थांबली. पोट रिकामं, सैल झालेलं. मी वाकून एकदा अंगठा फिरवला, आणि त्या वेळी मात्र बोटांना अगदी स्वच्छ कळलं. मग शेपटीचा एकच फटकारा, आणि गढूळ पाणी.

काठावर येऊन टॅबलेट उघडला. त्या माशाच्या नोंदीत वजन भरलं, लांबी भरली, जागा भरली. खाली शेऱ्यांची चौकट असते. वरचे शेरे पुन्हा एकदा वाचले, नव्वदच्या दशकापासूनचे. त्यांच्याखाली लिहिलं: "अंडी दिली. पुढच्या वेळी डावी बाजू घेऊ नका, आतड्यातली हवा मध्ये येते. उजवी बघा. गेन कमी ठेवा, सावली करा."